गौराक्काच्या दारातला गाडा

लग्न होऊन त्या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती कुणाची तरी खरडपट्टी चाललेली ऐकून. सोप्यातून बाईचा आवाज येत होता, जाडाभरडा आणि संतापलेला. "गाय आडली तवा कुटं हुतीस? वासरू गेलं. गाय तरी वाचवायचीस का न्हाय? नुसतं नारळ खाऊन बसायला ठेवलंय व्हय तुला हितं?" मला वाटलं, माझी नणंद बोलणी खात असणार आणि उद्या हीच पाळी माझ्यावर येणार. भीत भीत डोकावले तर सोप्यात सासूखेरीज कुणीच नव्हतं. देव्हाऱ्यापुढे पाटावर बसून ती मरगाईचा टाक चिंचेनं घासत होती, आणि घासता घासता त्या बोटभर चांदीच्या देवीला झाडत होती. बोलून झाल्यावर तिनं टाक पदरानं पुसला, जागेवर ठेवला, दिवा लावला, हळदकुंकू वाहिलं आणि मागं न बघताच मला म्हणाली, "उठलीस? जा, शेणी आण."

सासूचं नाव गौराक्का. गाव तिला गौराक्का म्हणायचं, मी आत्ती म्हणायची. बोरगावच्या अलीकडे, नदीच्या काठाला आमचं गाव. काठाची काळी जमीन, तंबाखू आणि जोंधळा. आत्ती उंच, हाडापेरानं मोठी, रंगानं त्या जमिनीसारखीच. आमच्याकडच्या शेतकरी बायका स्वतःविषयी बोलताना "मी आलो, मी गेलो" असंच म्हणतात. आत्तीच्या तोंडी ते फार शोभायचं. सासरे प्लेगात गेले तेव्हापासून औत धरण्यापासून बाजार करण्यापर्यंत सगळं तिनं एकटीनं केलं होतं.

त्या प्लेगाची हकिकत तिनं मला एकदाच सांगितली, तंबाखूची पानं खुडताना. सगळं गाव घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहिलं होतं. सासऱ्यांना गाठ आली म्हणून या घराला माळावर कुणी येऊ दिलं नाही. दोन लहान पोरं आणि मरायला टेकलेला नवरा घेऊन आत्ती रिकाम्या गावात राहिली. गुरव देवळाला कुलूप लावून आधीच निघून गेला होता.

"नवरा गेला त्या सकाळी पयल्यांदा तिच्यावर वराडलो," आत्ती म्हणाली. "तोंडाला यील ते बोललो. वाटलं, आता वीज पडंल. काय पडलं न्हाय. ती बसलीती तशीच बसून. मग दुसऱ्या दिवशी बी वराडलो."

"मग?"

"मग काय. झोप लागली. लई दिसांनी लागली."

मी कडोलीची. वडिलांनी मला मराठी चार इयत्ता शिकवलेल्या, आमच्या घरी देवापुढं हात जोडून, मान खाली घालूनच उभं राहायचं. आत्तीचं हे देवीशी तावातावानं बोलणं मला पाप वाटायचं. पण एक मात्र लवकर ध्यानात आलं. देवीवर इतकं तोंड टाकणारी ही बाई घाबरलेली मी कधी पाहिली नाही. पूर यायचा, पीक जायचं, सरकारी माणूस दारात येऊन दम द्यायचा. आत्ती संतापायची, पण तिचे हात कापत नसत. तिच्या पाठीशी कुणीतरी उभं आहे, असं तिला ठामपणे वाटायचं, आणि त्या कुणाशी तरी तिचं रोजचं भांडण होतं.

तिला खरा तिटकारा होता तो दुसऱ्याच्या दारात जाऊन "देव राखील" म्हणून हात झटकणाऱ्यांचा. एका पावसाळ्यात नदीकाठच्या कुंभाराचं घर वाहून गेलं. पाटील जाऊन बघून आला, "देव राखतोय, काळजी करू नकोस," म्हणाला आणि घरी जेवायला गेला. आत्तीनं आमचा गोठा मोकळा केला, कुंभाराचं बिऱ्हाड आत घेतलं आणि देवळापुढं चार माणसांत पाटलाला विचारलं, "देव राखतोय ते खरं हाय, पाटील. पर तुमी आज काय राखलासा ते आदी सांगा." हे तिचं नेहमीचं बोलणं होतं. पाटील ते विसरला नाही.

मला त्या घरात दोन वर्षंही पुरती झाली नव्हती तेव्हा मानमोडी आली. मोठी लढाई संपत आली होती त्या सालचा तो ताप. अंग मोडून यायचं, माणूस खोकायला लागायचं, ओठ निळे पडायचे आणि चांगला तरणाताठा गडी आडवा व्हायचा. म्हातारी मागं राहायची आणि पोरं जायची, असा तो उलटा रोग होता. निपाणीहून एकदा सरकारी कंपाउंडर आला, बाटलीतून लाल औषध वाटून गेला, परत फिरकला नाही. मग गावानं ठरवलं, मरगाईचा गाडा काढायचा.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. लाकडाचा लहानसा गाडा करायचा. त्यात देवीची लाकडी मूर्ती बसवायची, हिरवं लुगडं, बांगड्या, लिंबं, नैवेद्य ठेवायचा आणि वाजतगाजत गाडा ओढत नेऊन गावच्या शिवेपलीकडं, दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडून यायचा. देवीबरोबर रोगही गेला, अशी समजूत. ज्या गावाच्या हद्दीत गाडा आला ते गाव घाबरून तो पुढच्या शिवेवर ढकलायचं. म्हणजे आपलं मरण शेजाऱ्याच्या दारात टाकून यायचं आणि त्याला देवाचं कार्य म्हणायचं. लिहिताना आजही मला राग येतो.

गाडा निघाला तो ओढ्याकडच्या शिवेला. ओढ्यापलीकडच्या गावात माझी नणंद सुंदरा दिलेली, आणि ती पोटुशी होती. दुपार कलली होती. आत्ती शेतातून आली, हलगी ऐकली, खुरपं तसंच भिंतीला टेकवलं आणि चालायला लागली. मी मागं धावले. नवरा बांधावरून बघत होता, तोही आला. त्याचं नाव मी त्या काळी घेत नव्हते. आता घेते. शिवा.

आत्ती शिवेच्या दगडापाशी जाऊन वाटेत उभी राहिली. हलगीवाला थांबला.

पाटील पुढं आला. "गौराक्का, वाट सोड. गावाचं काम हाय."

"गावाचं हाय तर गावात करा. शिवेवर कशाला आलासा?"

"देवी भायेर काढल्याबिगर रोग जात न्हाय," गुरव म्हणाला. "वाडवडलापास्नं चालत आलंय."

"आन जातोय कुटं त्यो? ओढ्यापलीकडं माणसं ऱ्हात न्हाईत?"

पाटलानं जरा विचार केला. आवाज खाली आणून म्हणाला, "तुझी सुंदरा तितं दिलीया, म्हाईत हाय मला. पोरगी पोटुशी हाय. बरं, तुझ्या शब्दाखातर गाडा माघारी फिरवतो. उगवतीच्या शिवेला न्हेतो. मग तर झालं?"

खरं सांगते, मला वाटलं, आता आत्तीचा हात धरावा आणि घरी न्यावं. उगवतीच्या गावात आमचं कुणी नव्हतं. त्या गावाचा रस्तासुद्धा मी पाहिला नव्हता.

आत्ती जागची हलली नाही. म्हणाली, "उगवतीला कुणाच्या लेकी दिल्या न्हाईत व्हय?"

ती गुरवाकडं वळली.

"देवी राखती म्हणतासा. आन राखणदाराला दाराभायेर काढून तुमी आत झोपणार? मग तुमास्नी कोण राखणार हाय?"

"एकदा काढलेली देवी म्हयनाभर देवळात न्हेता येत न्हाय," गुरव चिडून म्हणाला. "मग ठेवायची कुटं? तुझ्या डोसक्यावर?"

"माझ्या दारात ठेवा," आत्ती म्हणाली.

लोकांना वाटलं ती रागाच्या भरात बोलते आहे. तिनं पुढं होऊन गाड्याची दांडी धरली. एकटीला गाडा वळेना. सगळं गाव उभं राहून बघत होतं, बायका तोंडाला पदर लावून. मग शिवा गर्दीतून पुढं गेला आणि त्यानं दुसऱ्या बाजूनं हात लावला. त्या क्षणी मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कुणाचा आला नसेल. पण गाडा वळला. मायलेकांनी तो गावातून ओढत आणला आणि आमच्या दारात, तुळशीच्या बाजूला उभा केला.

दुसऱ्या दिवसापासून आम्हाला विहीर बंद. कुंभार आमच्या गोठ्यात राहून गेलेला, तोही मान वळवून जायला लागला. नदीवरून पाणी आणायचं, तेही इतर बायका उठून गेल्यावर. आत्ती रोज सकाळी गाड्यापुढं दिवा लावायची आणि देवीला सुनवायची, "बघ तुझी माणसं. तुला घाबरत्यात आन तुझंच खात्यात." मी घरात बसून दात खात होते. मला देवीचा राग, गावाचा राग आणि सगळ्यांत जास्त आत्तीचा राग.

मग शिवाला ताप भरला.

तो गाड्यामुळं आला नाही, हे आता मला कळतं. त्या आठवड्यात गावातल्या किती घरांत माणसं खोकत पडली होती, त्यांच्या दारात काही गाडा नव्हता. पण त्या वेळी मी आत्तीच्या तोंडावर म्हणाले, "तुम्ही आणला हा. तुम्ही दारात बोलावून घेतला." ती लेकाच्या छातीला तेल चोळत राहिली. तिनं एकदा पाटलाच्या घरी जाऊन औषधासाठी निपाणीला माणूस पाठवण्याची विनवणी केली. आयुष्यात तिनं कुणाला विनवलेलं मी तेवढंच पाहिलं. पाटील आतून म्हणाला, "देवी दारात बसवलीया न्हवं? तिलाच सांग." दार उघडलंसुद्धा नाही.

शिवा गेला तो भर दुपारी. तिरडीला खांदा द्यायला कुणी आलं नाही. आत्तीनं बैल जुंपले. आम्ही दोघींनी त्याला गाडीत घेतलं, बाजूला सरपण रचलं. ती पुढं कासरा धरून बसली, मी मागं त्याचं डोकं मांडीवर घेऊन. गावातून गाडी जाताना दारं लागत गेली, एकामागून एक. त्या कड्यांचा आवाज मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. मला क्षमेचे पाठ शिकवायला पुष्कळ जण येऊन गेले. ज्यांनी त्या दिवशी कड्या घातल्या त्यांची नावं मला पाठ आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परसातून कुऱ्हाड घेतली आणि गाड्यापाशी गेले. चाकापासून मूर्तीपर्यंत सगळं फोडून चुलीत घालायचं, असं ठरवून गेले होते. आत्ती उंबऱ्यावर बसली होती. तिचा आवाज बसला होता; पहाटेपासून ती देवीपुढं ओरडत होती, ते मी आतून ऐकलं होतं. तसली बोलणी मी माणसाला दिलेलीसुद्धा कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, ती मला अडवेल.

"फोड," ती म्हणाली. "लाकूडच हाय. पर उद्या सकाळी कुणावर रागावशील?"

"तुमच्यावर," मी म्हणाले.

"माझ्यावर रागाव. पर मी म्हातारं माणूस, किती दीस पुरणार तुला? अंबू, आपला राग कुणाला सोसत न्हाय. गाव तोंड फिरवतंय. तुझा बा आला तर रडंल आन तुलाच गप कर म्हणंल. ही एकटी हाय, जी पळत न्हाय. पोटातलं समदं वतलं तरी हितंच बसती. म्हणून मला बसता येतंय. न्हाय तर कालच नदीत गेलो असतो."

मी कुऱ्हाड खाली ठेवली. पटलं म्हणून नव्हे. माझ्या हातात जोर उरला नव्हता. पण ती म्हणाली ते खोटं नव्हतं हेही मला दिसत होतं, कारण त्या उंबऱ्यावर, भिंतीला डोकं टेकवून, लेक जाळून आलेली ती बाई थोड्या वेळानं झोपी गेली. मी मात्र कितीतरी दिवस झोपले नाही.

थंडी पडता पडता रोग ओसरला. तो सगळीकडूनच ओसरला, ज्यांनी गाडे ढकलले त्या गावांतून आणि ज्यांनी नाही ढकलले त्यांतूनही. एके दिवशी हलगी वाजवत गाव आमच्या दारात आलं. पाटील पुढं, गुरव नारळ घेऊन, मागं बायका आरत्या घेऊन. देवीला मानानं देवळात न्यायला आले होते. ज्या बायकांनी आम्हाला पाण्याला शिवू दिलं नव्हतं त्या आत्तीच्या पाया पडायला लागल्या.

पाटील हात जोडून म्हणाला, "गौराक्का, चुकलं आमचं. तू धन्य हाईस. तुझ्या शिवाचा बळी घेतला आन देवी शांत झाली. तुझ्या एका पोरानं गाव वाचलं."

आत्ती ओट्यावर जोंधळा पाखडत होती. सूप बाजूला ठेवून ती उठली. मी तिला देवीवर ओरडताना शेकडो वेळा पाहिलं होतं. पण त्या दिवशीचा तिचा राग मी पूर्वी पाहिला नव्हता. तो हळू आवाजातला होता.

"बळी म्हणायचं न्हाय," ती म्हणाली. "परत म्हणशील तर जीभ हासडीन. माझं पोरगं तापानं गेलं. तुझ्या दाराशी आलतो, तवा निपाणीला माणूस धाडला असतास तर कदाचित राहिलं असतं, कदाचित न्हाय. ती काय पोरं खाती व्हय? कुणाचं पोर खाल्लं म्हंजे शांत हुयाला ती काय तुझ्यागत हाय? आपण कड्या घालायच्या आन रगत तिच्या तोंडाला लावायचं. न्हेऊ नका तिला. हात लावायचा न्हाय."

गर्दी हळूहळू पांगली. नारळ फोडायचा राहूनच गेला. रोज सकाळी देवीची सालटी काढणाऱ्या त्या बाईनं, दुसऱ्या कुणी तिला पोरं खाणारी म्हटलेलं मात्र ऐकून घेतलं नाही. पुढं आत्तीनं स्वतःच, एका साध्या मंगळवारी, हलगीशिवाय, मूर्ती पदराखाली झाकून देवळात नेऊन ठेवली. गुरवानं वाट दिली.

माझे वडील मला न्यायला आले तेव्हा तिनं त्यांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "न्हेऊ नका. चुलीपुढं बसवून झिजवायला न्हाय मी तिला राखली. चार बुकं शिकलीया. अजून शिकवा." वडील म्हणाले, लोक काय म्हणतील. आत्ती म्हणाली, "लोकं तिरडीला आली न्हाईत. आता त्यास्नी काय इचारायचं?" जमीन तिनं वाट्यानं लावली आणि एक म्हैस घेऊन ती माझ्याबरोबर बेळगावला आली. मी शिकले, मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. शाळेमागच्या दोन खोल्यांत आम्ही विधवा दोघी कितीतरी वर्षं राहिलो. तिथं शेजाऱ्यांना कानडीतून दूध घालत आणि मराठीतून दटावत तिनं आपलं गाव वसवलं. सुंदरा वाचली होती. तिचा मुलगा आजीकडं यायचा, पुढं पलटणीत गेला.

दुसऱ्या लढाईच्या वर्षांत आत्ती खचली. पोटात पाणी झालं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता काही उपाय नाही. समाचाराला आलेली एक बाई खाटेशी बसून म्हणाली, "देवाची इच्छा, दुसरं काय." आत्तीनं डोळे उघडले. "त्येची इच्छा तुला सांगून गेला व्हय त्यो? अंबू, हिला च्या दे आन वाटंला लाव."

ती बाई गेल्यावर मी तिला इतक्या वर्षांत न विचारलेलं विचारलं. "आत्ती, देवीनं तुम्हाला कुठं राखलं? नवरा नेला, लेक नेला. आणि तरी तुम्ही म्हणता ती राखते."

तिनं मान माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "शिवाला गाडीतनं न्हेला, तवा मनात हुतं, त्येला पेटवायचं आन नदीत शिरायचं. मागं वळून बघितलं. तू त्येचं डोस्कं धरून बसलीतीस, गाडी आदळंल तसं सांभाळत. मेलेल्याला लागू नये म्हणून. तवा तिला म्हटलं, बरं, हिच्यासाठी ठेवलंईस व्हय मला. ऱ्हातो."

मी चिडले. म्हटलं, "हे आजवर का नाही सांगितलं?"

"तू रागात हुतीस," ती म्हणाली. "रागात असलेल्या माणसाला उपकार सांगू नये."

दोन दिवसांनी, शाळेतल्या मुली पाढे म्हणत होत्या तेव्हा, ती गेली.

इथं खांदा द्यायला माणसं कमी पडली नाहीत. सगळी दूध घेणारी घरं आली. पण मसणवटीत भटजी म्हणाले, अग्नी द्यायला पुरुष माणूस हवा. नातू पलटणीत, दूर कुठंतरी. शेजारच्या एका मुलाला पुढं करायचं त्यांनी परस्पर ठरवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्ही मागं व्हा. शास्त्र आहे. देव सगळं बघतो."

मी वीस वर्षं शाळेत शुद्ध भाषा शिकवली. त्या वेळी त्यातलं एक अक्षर तोंडात आलं नाही.

"बघू दे की," मी म्हणाले. "सरका बाजूला. माझी आई हाय ती."

मुलानं आधी पलिता माझ्या हातात दिला, मग भटजी सरकले. लाकडं ओली होती, धूर डोळ्यांत जात होता, आणि मी रागावले होते. त्या भटजीवर, त्या पाटलावर, लागलेल्या दारांवर, आणि तिच्यावरही, मला सोडून गेल्याबद्दल. मग जाळ धरला. माणसं हळूहळू घराकडं वळली. मी तिथंच उभी राहिले, एकटी, आणि मला भीती वाटत नव्हती.